टेम्पो मागे आहे म्हणजे गाइड आहे असं नाही

दिवाळी संपली की आमच्या सायकल ग्रुपवर कोणी ना कोणी अंदमानचं पोस्टर टाकतंच. निळं पाणी, वाकलेला नारळ, चकाचक सायकल आणि खाली 'फुल्ली गाइडेड अँड सपोर्टेड'. लगेच मला मेसेज, ताई तुम्ही जाऊन आलात ना, कसं आहे हे, जाऊ का? मी दोनदा जाऊन आलेय आणि दोन्ही वेळा पोस्टरवर हेच शब्द होते, पण पहिल्या वेळी मिळाली ती सपोर्टेड टूर आणि दुसऱ्या वेळी मिळाली ती गाइडेड, आणि या दोन्हीत किती फरक आहे ते मला पहिल्या टूरच्या तिसऱ्या दिवशी हॅवलॉक बेटाच्या जेट्टीवर कळलं, तेव्हा ते नीट लिहूनच टाकते.

सरळ सांगायचं तर सपोर्टेड म्हणजे गाडी आणि गाइडेड म्हणजे माणूस. सपोर्टेड टूरमध्ये तुमच्या मागे टेम्पो किंवा पिकअप असते, त्यात बॅगा, पाणी, केळी, पंप, ट्यूब, आणि पाय गेले की तुम्ही आणि तुमची सायकल. रस्ता कसा शोधायचा तर जीपीएक्स फाइल, म्हणजे नकाशावर आखलेला मार्ग, आदल्या रात्री ग्रुपवर येते, ती मोबाइलमध्ये टाकायची आणि निघायचं. गाइडेडमध्ये एक माणूस तुमच्याबरोबर सायकल चालवतो, तोही रोज, सगळे किलोमीटर, आणि कुठे थांबायचं, कुठे वळायचं, आज वारा बघून उलट्या बाजूने जायचं का हे सगळं तो ठरवतो. त्याच्यामागे गाडी असेल किंवा नसेलही.

आपला घोळ होतो तो सवयीमुळे. पुणे-गोवा, पुणे-कन्याकुमारी असल्या राईड ज्यांनी केल्यात त्यांना माहितीये, हायवे एकच असतो, चुकायला फारसा वाव नाही, टेम्पो दर वीस-पंचवीस किलोमीटरवर उभा असतो, ड्रायव्हरदादा इलेक्ट्रॉल आणि राजगिऱ्याचा लाडू हातात देतात, एखादा अनुभवी राइडर पुढे असतो त्यालाच आपण लीडर म्हणतो, आणि हे सगळं मिळून आपल्या डोक्यात 'गाइडेड' होऊन बसतं. तिथे चालूनही जातं, कारण अडचण आली तर ती बहुतेक पंक्चरची नाहीतर पायाची असते आणि दोन्हीवर उपाय टेम्पोतच असतो.

अजून एक गंमत म्हणजे अंदमानच्या पोस्टरवरचा 'गाइड' कधीकधी सेल्युलर जेलचा निघतो. म्हणजे खरंच. आम्ही विचारलं गाइड कुठे आहेत, तर उत्तर आलं, उद्या जेल बघायचंय ना, तिथे भेटतील. भेटलेही, सावरकरांची कोठडी दाखवली, छान माहिती सांगितली, आमच्यातल्या दोघींच्या डोळ्यात पाणी आलं, पण त्यांचा सायकलशी काही संबंध नव्हता!

आता बेटांचं म्हणाल तर एक साधी गोष्ट आहे जी पोस्टर बघताना कोणाच्याच डोक्यात येत नाही, माझ्याही आली नव्हती. टेम्पो जेट्टीवर थांबतो. बोटीत तुम्ही चढता, सायकल चढते, टेम्पो चढत नाही. पोर्ट ब्लेअरहून हॅवलॉकला गेलात की तिथे दुसरी गाडी, दुसरा ड्रायव्हर, नील बेटावर तिसरी. म्हणजे सपोर्ट प्रत्येक समुद्रापाशी तुटतो आणि पलीकडे नव्याने सुरू होतो आणि पलीकडच्या माणसाला तुमच्याबद्दल, तुमच्या सायकलबद्दल, काल कोणाला चक्कर आली होती याबद्दल काही म्हणजे काही माहिती नसतं. गाइड मात्र तुमच्याबरोबरच बोटीत चढतो. आपल्याकडच्या रस्त्यावर मी डोळे झाकून टेम्पो निवडेन, बेटांवर माणूस.

(नावांचं आधीच सांगते नाहीतर गोंधळ होईल. हॅवलॉक म्हणजे आताचं स्वराज द्वीप आणि नील म्हणजे शहीद द्वीप, ही २०१८ ला बदलली, आणि पोर्ट ब्लेअरचं २०२४ ला श्री विजयपुरम झालं, पण बोटीच्या रांगेत सगळे जुनीच नावं घेत होते म्हणून मीही तीच लिहितेय.)

तर हॅवलॉकची जेट्टी. बोटीत सायकली एकावर एक आडव्या रचल्या होत्या, माझी सगळ्यात खाली, तीही चेनच्या बाजूवर. कोणी बघायला नव्हतं कारण आमच्यापैकी सगळे वर डेकवर डॉल्फिन शोधत होते, मीही. खाली उतरवली, बसले, पहिला पेडल मारला आणि मागून कडकड. डिरेलर, म्हणजे चेन एका गियरवरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग, आत वाकलेला, स्पोकला घासत होता. बघितलं तर हँगर वाकलाय. ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी, हँगर म्हणजे बोटाएवढा धातूचा तुकडा, ज्यावर मागचा डिरेलर लटकतो, मुद्दाम मऊ केलेला असतो म्हणजे आपटल्यावर तो वाकावा आणि फ्रेम वाचावी, आणि वैताग असा की जवळजवळ प्रत्येक फ्रेमचा हँगर वेगळा. तिथला पिकअपवाला बिचारा भला माणूस होता, त्याने लगेच पाण्याची बाटली दिली आणि म्हणाला मॅडम गाडी में डाल दो. बरोबरच आहे, त्याचं काम तेवढंच. स्पेअर हँगरची पेटी होती, पण ती पोर्ट ब्लेअरच्या टेम्पोत. आयोजकांना फोन लावला तर म्हणाले सपोर्ट व्हेइकल आहे ना तिथे. आहे की!

शेवटी गोविंदनगरच्या बाजारात एक सायकलवाले सापडले. त्यांच्याकडे सगळं साध्या सायकलींचं. त्यांनी डिरेलर काढूनच टाकला, चेन तोडून लहान केली, मधल्या एका गियरवर बसवली आणि म्हणाले अब चलाओ. पुढचे दोन दिवस मी सिंगल स्पीड. हॅवलॉक नकाशात सपाट वाटतं पण जेट्टीपासून राधानगरचा किनारा साधारण बारा किलोमीटर आणि मध्ये जंगलातले चढउतार आहेत, ते एका गियरवर, त्या दमट हवेत... असो. पोटऱ्या अजून आठवण काढतात.

दुसऱ्या वेळी गेलो ते आम्ही सहाजणच आणि गाइड पोर्ट ब्लेअरचाच मुलगा, आजोबा पूर्व बंगालमधून निर्वासित म्हणून आलेले. बोट लागल्यावर हा आधी खाली गेला, आमच्या सायकली उभ्या केल्या, मध्ये पुठ्ठे घातले, डिरेलरची बाजू बाहेर ठेवली आणि मग वर आला. काही बोलला नाही, मी फक्त बघत होते. माझे आदल्या वेळचे दोन दिवस त्या पुठ्ठ्यांत वाचले असते.

आणि रस्त्यावरची मजा तर वेगळीच. पोर्ट ब्लेअरहून चिडिया टापूला जाताना, पंचवीसेक किलोमीटर आहे, मध्ये कालिकत नावाचं गाव लागतं. पहिल्या वेळी मी तिथून सुसाट गेले होते, वाटलं कोणीतरी केरळचा हौशी असेल. या वेळी त्याने थांबवलं आणि सांगितलं की १९२१ च्या मोपला बंडानंतर केरळातल्या मलबारहून लोकांना इथे काळ्या पाण्यावर आणलं, त्यांनी आपल्या गावांची नावं इथे दिली, म्हणून कालिकत, मंजेरी, वंडूर, तिरूर. हॅवलॉकला किनाऱ्यांना नंबर का, तर निर्वासितांची वसाहत करताना गावांना नंबर दिलेले, तेच चिकटले. आणि नीलला तर रामनगर, भरतपूर, लक्ष्मणपूर, सीतापूर, अख्खं रामायण एवढ्याशा बेटावर! हे काही जीपीएक्स फाइलमध्ये येत नाही.

नीलचंच अजून एक. तिथला नैसर्गिक दगडी पूल बघायचा तर ओहोटीलाच, नाहीतर पाण्यातून ठेचकाळत जावं लागतं. पहिल्या टूरला वेळापत्रकात 'सकाळी १० वाजता' छापलेलं, गेलो तर भरती, लांबून फोटो काढून परत. या वेळी गाइडने आदल्या रात्रीच भरतीची वेळ बघून राईडच उलटी केली, आधी पूल मग सीतापूर. अंतर तेवढंच, रस्ता तोच.

पण टेम्पोला नावं ठेवायची नाहीत मला, एका ठिकाणी तोच जिंकतो, आणि ते म्हणजे संध्याकाळ. अंदमान आपल्यापेक्षा बरंच पूर्वेला, घड्याळ मात्र आपलंच, त्यामुळे जानेवारीत सव्वापाचला सूर्य गेलेला असतो. पुण्यात त्या वेळी लोक चहा टाकत असतात. राधानगरला सूर्यास्त बघायचा असेल, आणि तो बघायलाच पाहिजे, तर परतीचे बारा किलोमीटर अंधारात, जंगलातून, आणि समोरून स्कूटरवाले हेडलाइट तोंडावर मारत येतात. कितीही चांगला गाइड असला तरी तिथे मला सायकल पिकअपमध्ये टाकून खिडकीला डोकं टेकवून यायचंय. आमचा गाइडही तेच म्हणाला आणि गावातल्या कोणाची तरी गाडी बोलावली. म्हणजे सपोर्ट त्याच्याकडे नव्हता पण फोन नंबर होता.

उलट उजाडतंही लवकर, पावणेसहाला लख्ख, त्यामुळे पाच वाजता चहा आणि नऊपर्यंत राईडचा मोठा भाग संपलेला असला पाहिजे, नंतरच्या घामाला अंत नाही. सपोर्टेड टूरला 'सात वाजता फ्लॅग ऑफ' असेल तर समजून जा की वेळापत्रक आपल्याकडच्या घड्याळावर बसून बनवलंय.

उत्तरेकडे, म्हणजे रंगत, मायाबंदर, दिगलीपूर, तिकडे जायचं असेल तर गणित परत बदलतं. पोर्ट ब्लेअर ते दिगलीपूर तीनशे किलोमीटरच्या वर, दुकानं लांब लांब, पाणी संपलं तर संपलं, तिथे गाडी हवीच. फक्त एक लक्षात ठेवा, जिरकाटांगपासून पुढे जारवा आदिवासींचं राखीव जंगल आहे, तिथे गाड्या पोलिसांच्या ताफ्यातून ठरलेल्या वेळी सोडतात, थांबायचं नाही, फोटो नाही, आणि तिथून सायकल चालवत जाता येत नाही. सायकल गाडीत किंवा बसवर टाकून तो टप्पा पार करायचा. कोणी तुम्हाला 'जारवा जंगलातून थरारक राईड' विकत असेल तर त्याला सरळ नाही म्हणा, आणि ग्रुपवरही सांगा.

बुकिंगच्या आधी काय विचारायचं हे लोक फार विचारतात. मी 'गाइडेड आहे का' असं विचारतच नाही आता, त्याला सगळे हो म्हणतात. मी विचारते, तुमचा माणूस स्वतः सायकल चालवणार का आणि बोटीत आमच्याबरोबर येणार का? तो एकटा आहे की मागे अजून कोणी आहे? कारण बाराजणांत एकच गाइड असला तर तो पहिल्या तिघांचा गाइड असतो, बाकीचे जीपीएक्सवरच. आमच्या पहिल्या ग्रुपमधले एक काका, वय ६१, चाल संथ पण थांबणार नाहीत, ते तीन दिवस एकटेच चालवत होते आणि संध्याकाळी म्हणायचे, मला वाटलं सोलो टूर आहे. आणि शेवटचा प्रश्न, हॅवलॉकच्या गाडीत टूलकिट कोणतं आहे त्याचा फोटो पाठवा. फोटो आला नाही तर उत्तर मिळालं.

भाषेसाठी गाइड लागतो का? अंदमानात नाही, सगळे हिंदी बोलतात, हॅवलॉकच्या खानावळीत मासे-भात मागायला काही अडत नाही. बालीत किंवा श्रीलंकेत आडगावातून जायचं असेल तर वेगळी गोष्ट.

बीआरएमवाले, म्हणजे ठरलेल्या वेळेत स्वतःच्या जिवावर लांब पल्ला मारणारे, आत्तापर्यंत हसायला लागले असतील, त्यांना दोन्ही नको, कंट्रोल पॉइंट सोडून कोणाची मदत घेतली की बाद. जा बाबांनो, तुम्ही जा एकटे, फक्त बोटीत सायकल घेतात का ते त्या त्या बोटवाल्याला आधी विचारा, आणि उतरल्यावर चेन पुसा, खाऱ्या हवेत दोन दिवसांत लाल होते. मी मात्र पुढच्या वेळी पण त्याच मुलाबरोबर जाणार आहे, आणि माझ्या सायकलचा हँगर, एक नाही दोन, मोज्यात गुंडाळून हँडलबार बॅगेत असणार आहेत.