इस्राएल एका दिवसात मूर्तिपूजक झाला?

‘इस्राएल लोकांनी एका दिवसात परमेश्वराला सोडलं आणि बआल (कनानी लोकांचा देव) धरला’ असं वर्षानुवर्षं फॉरवर्ड होत आलंय. बायबलमधली, लोकांनी सोन्याचं वासरू घडवून पुजल्याची गोष्ट सगळ्यांना ठाऊक, त्यामुळे तसं वाटणं स्वाभाविक आहे. पण त्या वासरापुढेही ‘उद्या परमेश्वराचा उत्सव’ अशीच दवंडी होती. बायबलच्या निर्गम या पुस्तकात ३२:५ वाचा.

शास्ते या पुस्तकाच्या १७ व्या अध्यायात एक आई ११०० शेकेल चांदी परमेश्वराला वाहते आणि त्यातल्याच २०० ची मूर्ती घडवून घेते! देव सोडलेला नाही, त्याच्याच नावाने मूर्ती घरात आली.

मग गणना २१ आणि २ राजे १८:४ (हीही बायबलचीच पुस्तकं) शेजारी ठेवा. सर्पदंशावर उपाय म्हणून उभारलेला पितळेचा साप, आणि पुढे त्यालाच धूप. हे एका दिवसात नाही, हळूहळू घडलं, याचा मला हा पुरावा सर्वांत बोलका वाटतो. तो साप फोडला जाईपर्यंत कित्येक शतकं उलटली होती.