कॉन्व्हेंट, नन आणि सिस्टर: या शब्दांमागची पार्श्वभूमी

साताऱ्यात कॉन्व्हेंट म्हणजे इंग्लिश मीडियमची शाळा, विषय संपला. लग्नाच्या बायोडेटात "शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये" असं ऐटीत लिहिलेलं असतं आणि त्या शाळेत नन कधी फिरकलेलीसुद्धा नसते, संस्थापक आपल्यातलेच कुणीतरी. शब्द मात्र मूळचा मठाचा, आणि नन म्हणजे एके काळी कडीकुलपाआड राहणाऱ्या बायका. गंमत इथंच आहे.

चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात निघालेले मठ, सहाव्या शतकातली बेनेडिक्टची मठांसाठीची प्रसिद्ध नियमावली, पोथ्यांच्या नकला करणाऱ्या आणि जमीनजुमला सांभाळणाऱ्या मध्ययुगातल्या मठाधिकारी बायका, हे बहुतेकांनी कुठंतरी वाचलेलं असतं, ते सोडून देतो. मठाला कुलूप बसलं ते १२९८ साली. त्या वर्षी पोपचा हुकूम निघाला की सगळ्या नन कायमच्या बंदिस्त, बाहेर पडायचं नाही, सूट फक्त इतरांना धोका होईल अशा सांसर्गिक आजाराला. बऱ्याच ठिकाणी तो पाळलाच गेला नाही, म्हणून १५६३मध्ये धर्मपरिषदेनं तो परत बजावला, आणि १५६६मध्ये साधी व्रतं (चर्चच्या कायद्यात मोठ्या व्रतापेक्षा कमी बांधणारी) घेऊन जरा मोकळ्या राहणाऱ्या बायकांनाही त्यात ओढलं. भेटायला आलेल्याशी जाळीआडून बोलायचं, सामान भिंतीतल्या फिरत्या कपाटातून घ्यायचं. कारण काय तर शीलरक्षण. आता काहींना हा एकांत मनापासून हवाच होता, सोळाव्या शतकात स्पेनमध्ये एका बाईंनी स्वतःहून आणखी कडक मठ काढले, ते मान्य. पण व्हेनिसमध्ये त्याच काळात सरदार घराण्यांतल्या निम्म्याच्या आसपास बायका मठात होत्या, त्या सगळ्या भक्तीपोटी गेल्या असं कोण म्हणेल? लग्नाचा हुंडा परवडेना आणि मठाचा हुंडा (हो, तिथंही होता) बराच स्वस्त पडायचा, एवढा साधा हिशोब.

गोव्यात १६०६ साली असाच बंदिस्त मठ उभा राहिला. १८३४मध्ये पोर्तुगीज सरकारनं मठसंस्था बंद केल्या, पण आत असलेल्या बायकांना मरेपर्यंत राहू दिलं, शेवटची नन १८८५मध्ये गेली तेव्हा तो रिकामा झाला.

मग शाळा, दवाखाने कुणी चालवले? तर कायद्यानं ज्या नन नव्हत्याच त्यांनी! मोठं व्रत घेतलं की नन, आणि नन झाली की कुलूप, म्हणून मोठं व्रतच घ्यायचं नाही, आणि १५६६च्या हुकमातून सुटायला मठ म्हणूनही राहायचं नाही. इंग्लंडच्या एका बाईंनी बंदिस्त न राहता काम करायची उघडउघड परवानगी मागितली, त्यांची संस्था १६३१मध्ये मोडून काढली आणि वर त्यांना कैदेत टाकलं. दोनच वर्षांनी पॅरिसमध्ये दुसऱ्या गटानं शहाणपणा केला, बुरखा नाही, मठ हा शब्द नाही, व्रत दर वर्षी नव्यानं, आणि आजाऱ्यांच्या घरोघरी फिरायला मोकळ्या. या झाल्या सिस्टर. मराठीत आपण दोघींनाही ननच म्हणतो आणि सगळा घोळ तिथंच होतो. पुढं एकोणिसाव्या शतकात अशा मंडळांचं पेवच फुटलं. बेल्जियममधल्या लीएजला १८३३ साली निघालेल्या एका मंडळाच्या सिस्टर पाचगणीला आल्या आणि १८९५मध्ये मुलींची शाळा सुरू झाली. पण साध्या व्रताच्या बायकांना चर्चच्या कायद्यात पक्कं स्थान मिळालं १९००मध्ये, म्हणजे पाचगणीत वर्ग भरत होते तेव्हा कागदावर या बायका पुरत्या संन्यासिनीही नव्हत्या. आणि त्यांच्या घराचं नाव, कॉन्व्हेंट, मात्र आपण शाळेला चिकटवलं.

१९६५ला संपलेल्या दुसऱ्या व्हॅटिकन धर्मपरिषदेनंतरचं थोडक्यात. पोशाखाची सक्ती सैल झाली, आपल्याकडं साडीतल्या सिस्टर वाढल्या, युरोप-अमेरिकेत आकडा घसरला. जगभरात १९७०च्या सुमारास दहा लाखांच्या आसपास होत्या, आता सहा लाखांच्या आत आहेत.

मिरजेचं सांगायचं राहिलं. तिकडच्या कुठल्याही म्हाताऱ्या माणसाला विचारा, "मी मिशन हॉस्पिटलात ननच्या हातून जन्मलो" म्हणून सांगतील. ते मिशन अमेरिकन प्रॉटेस्टंट, १८९०च्या दशकातलं, तिथं नन नव्हत्याच, त्या नर्स होत्या, फक्त हाक सिस्टर. शिवाय रोमन कॅथलिक सिस्टरना बाळंतपणं करायची मोकळीक रोमनं दिली तीच मुळात १९३६मध्ये.