शिट्टी की सूं? ॲम्प बसवल्यावर येणारे दोन आवाज

‘गाडीत ॲम्प (स्टीरिओचा सिग्नल मोठा करून स्पीकरला देणारा ॲम्प्लिफायर) बसवला, पण आवाज येतोय’ असं कुणी म्हटलं की मी आधी एकच विचारतो: रेस दिली की तो आवाज बदलतो का? बहुतेकांनी हे पाहिलेलंच नसतं. तोवर आरसीए केबल (स्टीरिओचा सिग्नल ॲम्पपर्यंत नेणारी) बदलून झालेली असते, पॉवरच्या वायरीत फिल्टर टाकून झालेला असतो, आणि आवाज होता तिथेच असतो. कारण ‘आवाज येतोय’ या दोन शब्दांत दोन वेगळे आजार लपलेले आहेत आणि एकाचं औषध दुसऱ्याला लागू पडत नाही.

पहिला आवाज शिट्टीचा. बारीक, कूंऽऽ असा, इंजिनाबरोबर चढणारा आणि उतरणारा. ठाण्यात घोडबंदर रोडवर माजिवड्याहून कासारवडवलीकडे थांबत-चालत जाताना तो सारखा वरखाली होत राहतो, आणि गिअर बदलला की एकदम खाली येतो. नवी मुंबईत पाम बीच रोडवर गाडी एका वेगाला लागली की तोही एकाच सुरावर धरून राहतो. दुसरा आवाज सूंऽऽ असा, कुकरची शिट्टी होण्याआधी वाफ सुटते तसा. त्याला इंजिनाचं सोयरसुतक नाही. गाडी बंद करून फक्त स्टीरिओ चालू ठेवला तरी तो तेवढाच राहतो. दोन्ही आवाज ट्वीटरमधूनच (बारीक सुरांच्या छोट्या स्पीकरमधून) जास्त ऐकू येतात आणि दोन्ही गाणं थांबल्यावर जाणवतात. गल्लत होते ती इथे.

शिट्टीचा उगम आल्टरनेटरमध्ये आहे. आल्टरनेटर तीन फेजची एसी वीज तयार करतो आणि त्याच्या आतले डायोड तिची डीसी करतात. ही डीसी बॅटरीसारखी सपाट नसते, तिच्यावर बारीक लाटा उरतात. किती लाटा, तेही मोजता येतं. समजा इंजिन ८०० आरपीएमवर आयडल आहे आणि पुलीमुळे आल्टरनेटर त्याच्या अडीचपट, म्हणजे २००० आरपीएमने फिरतोय. आत चुंबकी ध्रुवांच्या ६ जोड्या असतील तर एका फेजला सेकंदाला २०० आवर्तनं होतात, प्रत्येक आवर्तनाच्या दोन लाटा, आणि तीन फेज मिळून १२०० लाटा. इंजिन २००० आरपीएमवर नेलं की त्या ३००० होतात. माणसाचा कान सर्वांत तिखट असतो तो या ३००० च्या आसपास. म्हणून इतकी बारीक लाटही टोचते.

पण या लाटा प्रत्येक गाडीत असतात आणि प्रत्येक गाडीत शिट्टी येत नाही. लाटा असणं आणि त्या गाण्याच्या वाटेत शिरणं, या दोन गोष्टी निराळ्या. त्यांना आत येण्याचा रस्ता बहुतेक वेळा आपणच फिटिंग करताना बांधून देतो. स्टीरिओचा अर्थ (म्हणजे अर्थिंग, गाडीच्या बॉडीला जोडलेली निगेटिव्ह वायर) डॅशबोर्डमागे, ॲम्पचा अर्थ डिकीत. मधली गाडीची बॉडी लोखंडाची असली, तरी आल्टरनेटर, हेडलाइट, ब्लोअर या सगळ्यांचा परतीचा करंट तिच्यातूनच वाहतो. त्यामुळे पुढचा अर्थ आणि मागचा अर्थ यांत काही मिलिव्होल्टचा फरक पडतो. एरवी त्याने काही बिघडत नाही. पण आरसीए केबलची बाहेरची जाळी या दोन अर्थांना थेट जोडते, आणि तो फरक मग जाळीतून वाहायला लागतो. यालाच ग्राउंड लूप म्हणतात. स्टीरिओचा सिग्नल २ व्होल्टचा आणि घुसलेला आवाज १० मिलिव्होल्टचा धरला, तर जोराच्या गाण्यात तो बुडून जाईल. हळू आवाजात भीमपलासीचा आलाप लावा, मग तोच आवाज आलापाच्या शेजारी येऊन बसतो.

सूंचं तसं नाही. ती कुठून शिरत नाही, ती आधीपासून आतच असते. प्रत्येक इलेक्ट्रॉनिक सर्किटमध्ये अगदी बारीक खळबळ असते, स्टीरिओच्या आउटपुटमध्ये असते, ॲम्पच्या इनपुटमध्येही असते. ती किती मोठी करून ऐकायची हे आपण गेनच्या बटणाने ठरवतो. गेन म्हणजे आवाज वाढवायचं बटण, हा समज इतका पक्का बसलाय की तो काढताना मला फार बोलावं लागतं. स्टीरिओकडून किती व्होल्टचा सिग्नल येणार, हे ॲम्पला कळवण्यासाठी गेन असतो. पुष्कळ ॲम्पवर त्याच्या एका टोकाला ०.२ व्होल्ट आणि दुसऱ्या टोकाला ४ किंवा ६ व्होल्ट लिहिलेलं असतं. तुमचा स्टीरिओ ४ व्होल्ट देणारा आहे आणि गेन ०.२ वर ठेवलाय, तर ॲम्प लागतं त्याच्या २० पट वाढवतोय. सिग्नलबरोबर स्टीरिओची खळबळही २० पट, म्हणजे २६ डेसिबल वर जाते. गाणं मोठं वाटू नये म्हणून तुम्ही स्टीरिओचा व्हॉल्यूम खाली ठेवता, आणि तिथेच गाणं त्या सूंच्या जवळ येतं.

आता फसगतीची जागा. गेन खाली केला की शिट्टीही दबते. आरसीएमधून शिरलेली शिट्टी गेनच्या आधी शिरलेली असते, म्हणून ती गेनबरोबर कमी-जास्त होणारच. स्टीरिओचा व्हॉल्यूम वर आणि गेन खाली ठेवला तर गाण्याच्या मानाने ती खरोखर लहान होते. माणसाला वाटतं दोष गेला. दोष गेलेला नसतो, लूप तसाच असतो, आणि पावसाळ्यात अर्थचा बोल्ट गंजला की शिट्टी पुन्हा वर येते. उलट बाजूने, सूंवर उपाय म्हणून लोक अर्थ तीन-तीन ठिकाणी जोडून बघतात. त्याने सूं केसभरही हलत नाही, झालाच तर नवा लूप तयार होतो.

ओळखायचं कसं? भर रस्त्यात हे जमणार नाही. रात्री दहानंतर सोसायटीच्या पार्किंगमध्ये, एसी आणि ब्लोअर बंद करून बसा. आधी इंजिन बंद, स्टीरिओ चालू, गाणं पॉज. सूं असेल तर आत्ताच ऐकू येईल. मग इंजिन सुरू करा. नव्याने काही आलं आणि रेसबरोबर चढलं, तर ती शिट्टी. आता व्हॉल्यूम शून्यावर न्या. आवाज तेवढाच राहिला तर तो व्हॉल्यूमच्या पुढे, म्हणजे आरसीए किंवा ॲम्पच्या बाजूला शिरतोय. कमी झाला तर तो स्टीरिओच्या आत किंवा त्याच्याही मागून, ब्लूटूथ, एफएम, ऑक्स यांच्याकडून येतोय.

पुढची पायरी फार उपयोगाची आहे आणि फिटिंगवाले ती क्वचितच करतात. ॲम्प बंद करा, त्याच्याकडे येणाऱ्या आरसीए काढा आणि इनपुटमध्ये शॉर्टिंग प्लग लावा. हा प्लग घरीही होतो: एका साध्या आरसीए प्लगची मधली पिन आणि बाहेरची रिंग तारेच्या तुकड्याने जोडायची, बस. तो फक्त ॲम्पच्या इनपुटला लावायचा. स्पीकरच्या टर्मिनलला अशी तार लावली तर ॲम्प जाईल. आता ॲम्प चालू केला आणि शिट्टी गेली, तर ॲम्प आणि त्याचा अर्थ बहुधा निर्दोष आहेत, दोष केबलमध्ये किंवा स्टीरिओकडे. प्लग लावूनही राहिली तर ॲम्पचा अर्थ, त्याची पॉवरची वायर किंवा स्पीकरच्या वायरी तपासा. सूंचंही तेच. प्लग लावल्यावर गेली तर ती स्टीरिओची होती, राहिली तर ॲम्पची स्वतःची.

अर्थ कसा करावा याबद्दल मी जरा हट्टी आहे. वायर पॉवरच्या वायरीइतकीच जाड आणि लांबी दीड फुटाच्या आत. बोल्टखालचा रंग पॉलिश पेपरने घासून चकचकीत पत्रा दिसेपर्यंत काढायचा, थिंबल (वायरीच्या टोकाची धातूची कडी) नीट दाबून घ्यायचा, दातेरी वॉशर टाकायचा आणि वरून ग्रीस किंवा रंगाचा हात मारायचा. ठाण्यात काय आणि ऐरोली-वाशीत काय, खाडीची हवा आणि चार महिन्यांची ओल उघड्या पत्र्याला सोडत नाही. सीट बेल्टचा बोल्ट अर्थसाठी वापरू नका. तो जीव वाचवायला आहे, शिवाय त्यावर बहुतेक वेळा लेप असतो. आपल्याकडे निम्म्या ओळखीच्यांच्या गाड्या सीएनजीवर आहेत, म्हणून हेही सांगतो: डिकीत ड्रिल मारण्याआधी खाली पाइप आणि पेट्रोलची टाकी कुठे आहे ते पाहा, आणि सिलिंडरच्या ब्रॅकेटला अर्थ अजिबात जोडू नका. सगळं झालं की इंजिन चालू आणि गाणं जोरात ठेवून ॲम्पच्या अर्थ टर्मिनलपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत मल्टिमीटरने व्होल्ट मोजा. ०.१ च्या आसपास असेल तर ठीक, अर्धा व्होल्ट दिसला तर पुन्हा बोल्ट खोला. नुसता ओहम मोजून भागत नाही, मीटरच्या वायरींचाच रेझिस्टन्स त्यात मिसळतो.

पॉवरची वायर आणि आरसीए गाडीच्या दोन वेगळ्या बाजूंनी न्यायच्या. ओलांडायचीच वेळ आली तर काटकोनात.

गेन लावण्यासाठी गाडीतून चांगलं गाणं ऐकणारा कान पुरेसा आहे, पण मीटर असेल तर काम अचूक होतं. ॲम्पला ४ ओहमच्या स्पीकरवर ७५ वॉट द्यायचे असतील तर ७५ गुणिले ४ म्हणजे ३००, त्याचं वर्गमूळ १७.३. स्पीकरची वायर काढा, इक्वलायझर सपाट आणि बास बूस्ट बंद ठेवा, स्टीरिओ तीन चतुर्थांश व्हॉल्यूमवर नेऊन १००० हर्ट्झचा टेस्ट टोन वाजवा आणि ॲम्पच्या आउटपुटला एसी १७.३ व्होल्ट येईपर्यंत गेन फिरवा. तिथे थांबा. सबवूफरला (खालच्या बासच्या मोठ्या स्पीकरला) ५० हर्ट्झचा टोन.

कंपनीच्या स्टीरिओला आरसीए आउटपुट नसेल तर फिटर हाय-लो कन्व्हर्टर (स्पीकरच्या वायरीतला सिग्नल आरसीएजोगा करणारा डबा) टाकतो. स्वस्तातला कन्व्हर्टर शिट्टी आणि सूं दोन्हींना दार उघडून देतो, त्यामुळे तिथे पैसे वाचवू नयेत. आजकालच्या स्टीरिओत स्पीकरची निगेटिव्ह वायर म्हणजे अर्थ नसते, ती बॉडीला लावली तर स्टीरिओ जळू शकतो.

आणि फोन चार्जिंगला लावून ऑक्सने गाणं ऐकताना येणारी शिट्टी? तोही लूपच, फक्त चार्जरच्या वाटेने. चार्जिंगची वायर काढून पाहा. ब्लोअरचा वेग वाढवला की वाढणारा किंवा इग्निशन ऑन करताच दोन-चार सेकंद येणारा आवाज मात्र या दोन्हींत मोडत नाही. पहिला मोटरचा, दुसरा बहुधा गाडीच्या टाकीतल्या पेट्रोलच्या पंपाचा.

ग्राउंड लूप आयसोलेटर हे माझ्या मते शेवटचं साधन. आत छोटे ट्रान्सफॉर्मर असतात, ते अर्थ तोडतात आणि शिट्टी थांबते हे खरं. पण स्वस्त ट्रान्सफॉर्मर खालचा बास खातो. ज्याने सबवूफरसाठी एवढा खर्च केला, त्याचा बास आपणच कापायचा हे मला पटत नाही.

भाच्याच्या गाडीत मला दोन्ही आवाज एकत्र भेटले. तो कोपरखैरण्याला राहतो. ‘मामा, गेन कमी केला आणि शिट्टी गेली बघ,’ असं त्याने फोनवर सांगितलं, आणि आठवड्याने म्हणाला परत आली. गेलो तेव्हा गेन पुन्हा जवळपास पूर्ण वर होता. ॲम्पचा अर्थ उत्तम होता. शॉर्टिंग प्लग लावला तर शिट्टी बंद. मग वायरीचा एक तुकडा घेऊन त्याचं एक टोक आरसीएच्या बाहेरच्या रिंगला आणि दुसरं स्टीरिओच्या पत्र्याला टेकवलं, आणि शिट्टी कापल्यासारखी थांबली. म्हणजे स्टीरिओच्या आतला आरसीएच्या अर्थचा बारीक फ्यूज उडाला होता. ॲम्प चालू असताना आरसीए काढल्या-घातल्या की असं होऊ शकतं, आणि त्याने तेच केलं होतं. रिपेअरवाल्याकडे तो फ्यूज बदलला. त्या रात्री इंजिन चालू करून दोघं गप्प बसून ऐकत होतो, तेव्हा शिट्टीच्या खाली इतके दिवस दडलेली सूं पहिल्यांदा स्पष्ट ऐकू आली. मीटर लावला, गेन खाली आणत १७.३ वर थांबवला, आणि मग गाडीत फक्त बाहेरच्या पावसाचा आवाज राहिला.