गुलाममुक्तीचे दोन जाहीरनामे : एक फ्रीमाँटचा, एक लिंकनचा

अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीचा जाहीरनामा म्हटलं की १ जानेवारी १८६३ ही तारीख आणि अब्राहम लिंकन हे नाव पुढे येतं. पण त्याच्या सोळा महिने आधी, ३० ऑगस्ट १८६१ रोजी, जनरल जॉन चार्ल्स फ्रीमाँटने सेंट लुईसहून मिसुरी राज्यापुरता असाच एक जाहीरनामा काढला होता. लिंकननेच तो दोन आठवड्यांच्या आत बदलायला लावला. एवढंच वाचलं की दोन समज होतात. एक म्हणजे, फ्रीमाँटने जे केलं तेच लिंकनने उशिरा केलं. दुसरा, फ्रीमाँट खरा मुक्तिदाता आणि लिंकन कचखाऊ. दोन्ही मजकूर शेजारी ठेवून वाचले तर यातला एकही समज टिकत नाही.

आधी फ्रीमाँटविषयी. १८१३ साली जॉर्जियातल्या सव्हाना इथे जन्मलेला हा माणूस सैन्याच्या भूमापन विभागात अधिकारी होता. १८४२ पासून त्याने रॉकी पर्वत, ओरेगॉन आणि कॅलिफोर्नियाकडे मोहिमा काढल्या. मिसुरीचे वजनदार सिनेटर थॉमस हार्ट बेंटन यांची मुलगी जेसी ही त्याची बायको. मोहिमांचे अहवाल तिच्या मदतीने लिहिले गेले, आणि पश्चिमेकडे बैलगाड्यांनी निघालेली कुटुंबं ते अहवाल वाचून वाट ठरवत. पुढे तो कॅलिफोर्नियाच्या पहिल्या दोन सिनेटरांपैकी एक झाला. १८५६ मध्ये नव्या रिपब्लिकन पक्षाचा पहिला अध्यक्षपदाचा उमेदवारही तोच होता. त्याला ११४ निर्वाचक मतं मिळाली, निवडून आलेले डेमोक्रॅटिक उमेदवार जेम्स ब्यूकॅनन यांना १७४. म्हणजे गुलामगिरीच्या प्रसाराला विरोध करण्यात तो लिंकनच्या आधीपासून पुढे होता. पण त्याला निर्मळ नायक करणं मला मान्य नाही. १८४६ मध्ये सॅक्रॅमेंटो नदीकाठी आणि क्लॅमथ सरोवराजवळ त्याच्या तुकडीने मूळ रहिवाशांच्या कत्तली केल्या, त्याही त्याच्याच चरित्राचा भाग आहेत.

गुलामगिरी असलेली दक्षिणेतली राज्यं संघराज्यातून फुटली आणि यादवी युद्ध सुरू झालं, तेव्हा जुलै १८६१ मध्ये संघराज्याच्या सैन्याच्या पश्चिम विभागाची सूत्रं त्याच्याकडे आली. मिसुरी हे गुलामगिरी असलेलं, तरीही संघराज्यात राहिलेलं राज्य. तिथे सुमारे १,१५,००० गुलाम होते आणि गावोगाव बंडखोरांच्या टोळ्या फिरत होत्या. १० ऑगस्टला विल्सन्स क्रीकच्या लढाईत संघराज्याचं सैन्य हरलं आणि जनरल लायन मारला गेला. या कोंडीत फ्रीमाँटने लष्करी कायदा पुकारला. आपल्या हद्दीत शस्त्रासह सापडलेल्यांवर लष्करी न्यायालयात खटला चालेल आणि दोषी ठरल्यास त्यांना गोळ्या घातल्या जातील, सरकारविरुद्ध शस्त्र उचलणाऱ्यांची मालमत्ता जप्त होईल आणि त्यांचे गुलाम मुक्त होतील, असं त्याने जाहीर केलं.

खरा फरक इथेच आहे. फ्रीमाँटच्या जाहीरनाम्यात गुलाम सुटणार की नाही, हे मालकाच्या वागण्यावर अवलंबून होतं. बंडखोराचा गुलाम मुक्त, शेजारच्या निष्ठावान मालकाचा गुलाम मात्र होता तिथेच. मुक्ती ही मालकाला दिलेली शिक्षा होती. लिंकनच्या १८६३ च्या जाहीरनाम्यात मालक कसा वागला हा प्रश्नच नव्हता. तिथे प्रदेश पाहिला गेला. बंड चालू असलेल्या राज्यांत आणि त्यांच्या नेमून दिलेल्या भागांत गुलाम असलेला प्रत्येक माणूस मुक्त, मालक कोणीही असो. उलट मिसुरी, केंटकी, मेरीलँड आणि डेलावेअर ही संघराज्यातली गुलामराज्यं, तसंच टेनेसी आणि न्यू ऑर्लिन्सचा परिसर त्यातून वगळलेले होते. म्हणजे फ्रीमाँटने ज्या मिसुरीत हात घातला होता, तिथे लिंकनचा जाहीरनामा पोहोचलाच नाही.

मग लिंकनने फ्रीमाँटला का अडवलं? २ सप्टेंबरला त्याने सौम्य पत्र लिहिलं : माझ्या संमतीशिवाय कोणालाही गोळी घालू नका, आणि गुलामांविषयीचं कलम ६ ऑगस्टच्या जप्तीच्या कायद्याशी जुळवून घ्या. तो कायदा फक्त बंडखोरांच्या लष्करी कामाला लावलेल्या गुलामांपुरता होता. फ्रीमाँटने स्वतःहून बदल करायला नकार दिला आणि उघड आदेश मागितला. जेसी त्याचं पत्र घेऊन वॉशिंग्टनला गेली आणि १० तारखेच्या रात्री लिंकनला भेटली. भेट कडवट झाली. दुसऱ्या दिवशी बदलाचा आदेश निघाला.

२२ सप्टेंबर १८६१ ला मित्र ऑर्व्हिल ब्राउनिंगला लिहिलेल्या पत्रात लिंकनने दोन कारणं दिली. एक, केंटकी हातचं जाईल आणि केंटकी गेलं की जवळजवळ सगळंच गेलं. दुसरं जास्त महत्त्वाचं : सेनापती गरजेपुरती मालमत्ता ताब्यात घेऊ शकतो, पण तिचं कायमचं भवितव्य त्याने ठरवणं हे राजकारण आहे, लष्करी गरज नव्हे. बरोबर एका वर्षाने, २२ सप्टेंबर १८६२ ला, त्याच लिंकनने प्राथमिक जाहीरनामा काढला, तोही लष्करी गरजेच्याच आधारावर. पण या वेळी सही सरसेनापती असलेल्या अध्यक्षाची होती आणि दक्षिणेची चढाई परतवणाऱ्या अँटीटमच्या लढाईला पाच दिवस झाले होते. जानेवारीच्या अंतिम मजकुरात मुक्त झालेल्यांना सैन्यात घेण्याची तरतूदही आली. युद्ध संपेपर्यंत सुमारे १,८०,००० कृष्णवर्णीय सैनिक संघराज्याच्या फौजेत होते. फ्रीमाँटच्या मजकुरात याचा मागमूसही नव्हता.

तरीही त्याची घोषणा वाया गेली असं मी म्हणणार नाही. हायरम रीड आणि फ्रँक लुईस या दोन गुलामांना त्याने लेखी मुक्तिपत्रं दिली. उत्तरेतल्या गुलामगिरीविरोधकांनी त्याचा जयजयकार केला आणि मुक्तीचा प्रश्न युद्धाच्या ऐन मध्यावर आणून ठेवला. स्वतः फ्रीमाँटला मात्र २ नोव्हेंबरला पदावरून दूर केलं गेलं. त्याला केवळ जाहीरनामा कारणीभूत नव्हता. त्याचा कारभार आणि खरेदीतले गैरव्यवहार यांवरही बोट ठेवलं गेलं होतं.

मिसुरीतले सगळे गुलाम मुक्त झाले ते या दोघांपैकी कोणाच्याच जाहीरनाम्याने नव्हे. ११ जानेवारी १८६५ ला त्या राज्याच्या घटना-अधिवेशनाने तो निर्णय घेतला. देशभरात गुलामगिरी संपली ती त्याच वर्षी डिसेंबरमध्ये, तेरावी घटनादुरुस्ती मंजूर झाल्यावर.