अमेरिकेतले पोलीस राष्ट्राध्यक्षांच्या हुकमात असतात का?

‘राष्ट्राध्यक्षांनी एक सही केली, तर कृष्णवर्णीयांवरचे पोलिसी अत्याचार थांबतील’ हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. वस्तुस्थिती वेगळी आहे. अमेरिकेत सुमारे १८ हजार स्वतंत्र पोलीस यंत्रणा आहेत, त्यातल्या बहुतेक शहरांच्या किंवा काउंटींच्या (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग). शहराचा पोलीसप्रमुख सहसा महापौर किंवा नगर प्रशासन नेमतं. शेरीफ, म्हणजे काउंटीचा पोलीसप्रमुख, तर बहुतेक ठिकाणी मतदारच निवडतात. आपल्याकडे पोलीस राज्याच्या गृहखात्याखाली असतात, महापौरांच्या नाही, त्यामुळे हा गैरसमज होणं स्वाभाविक आहे. अमेरिकेचं केंद्र सरकार अगदीच हतबल नाही: नागरी हक्क सातत्यानं तुडवणाऱ्या पोलीस दलाला १९९४च्या कायद्यानुसार ते कोर्टात खेचू शकतं. खात्री करायची असेल, तर तिथल्या कुठल्याही मोठ्या शहराचं बजेट ऑनलाइन उघडून पाहा. पोलिसांवरचा खर्च त्यातच असतो आणि तो मंजूर करणाऱ्या नगरसेवकांची नावं शहराच्या संकेतस्थळावर सापडतात.