प्रवाळ मत्स्यालयातील पाणीबदल

प्रवाळ मत्स्यालयातील पाणीबदल : जिवंत प्रवाळ असलेल्या खाऱ्या टाकीतील पाण्याचा काही हिस्सा काढून तेवढेच ताजे समुद्रजल किंवा कृत्रिम खारे पाणी घालण्याची क्रिया. बाष्पीभवनाने उतरलेली पातळी गोड्या पाण्याने भरणे यात मोडत नाही. वाफेबरोबर लवणे जात नाहीत, म्हणून त्या भरतीने केवळ लवणता पूर्ववत होते.

कृत्रिम समुद्रजलाच्या श्रेयाबाबत इंग्लंडमधील दोन नावे पुढे येतात. रसायनज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी १८५०च्या सुमारास वनस्पती व प्राणी यांचा समतोल साधून पाणी न बदलता टाकी टिकवता येते, असे मांडले. निसर्गअभ्यासक फिलिप हेन्री गॉस यांनी १८५४ मध्ये खाऱ्या पाण्याची कृती छापली. वॉरिंग्टन यांचे खाऱ्या पाण्यावरील कामही त्याच काळातले आहे. छापील कृतीपुरते पाहिल्यास गॉस यांचा दावा अधिक भक्कम वाटतो. त्यांच्या कृतीत साधे मीठ, एप्सम मीठ (मॅग्नेशियम सल्फेट), मॅग्नेशियम क्लोराइड व पोटॅशियम क्लोराइड अशी चारच लवणे होती. चुन्याचे (कॅल्शियमचे) क्षार अल्प म्हणून वगळले होते. सांगाडाच कॅल्शियम कार्बोनेटाचा असलेल्या प्रवाळाला असे पाणी पुरले नसते.

रसायनज्ञ अलेक्झांडर मार्सेट यांनी १८१९ मध्ये सुचवले आणि रसायनज्ञ विल्यम डिटमार यांनी ‘चॅलेंजर’ या ब्रिटिश सागर-संशोधन मोहिमेतील ७७ नमुन्यांच्या विश्लेषणातून १८८४ मध्ये पक्के केले, की खुल्या समुद्रात लवणता कमीजास्त झाली तरी प्रमुख आयनांचे परस्पर प्रमाण जवळजवळ स्थिर राहते. बंद टाकीत हे स्थैर्य मोडते. प्रवाळ कॅल्शियम व बायकार्बोनेट उचलतात. ती तूट कॅल्शियम क्लोराइड आणि खाण्याच्या सोड्याने भरली, तर सोडियम व क्लोराइड मागे साठतात आणि सल्फेट, पोटॅशियम यांचा तुलनेने वाटा घटतो. पाणीबदलाचे खरे मोल हे बिघडलेले प्रमाण पुन्हा समुद्राच्या जवळ आणण्यात आहे. प्रवाळांनी वापरलेली द्रव्ये भरून काढण्याचे साधन म्हणून तो तोकडा पडतो.

हे आकड्यांत पाहावे. समुद्रजलात कॅल्शियम लिटरला सुमारे ४२० मिग्रॅ. व क्षारता (मुख्यतः बायकार्बोनेटामुळे येणारी आम्ल शोषण्याची क्षमता) साडेसहा ते सात डीकेएच (क्षारता मोजण्याचे एकक) असते. सांगाडा घडताना २.८ डीकेएच क्षारतेमागे सुमारे २० मिग्रॅ. कॅल्शियम खर्च होते. म्हणजे क्षारता ४० टक्के खाली येते तेव्हा कॅल्शियम जेमतेम ५ टक्के घटलेले असते. टाकी ६ डीकेएचवर असताना ७ डीकेएचच्या पाण्याने १० टक्के बदल केल्यास वाढ होते ०.१. कठीण प्रवाळांनी भरलेली टाकी एका दिवसात याच्या दहापट क्षारता खाऊ शकते. उलट, ताज्या मिश्रणाची क्षारता ११ व टाकीची ७ असेल, तर २० टक्के बदलाने ती एकदम ७.८ होते. प्रवाळांना अशी उडी मानवत नाही, म्हणून मिश्रण आधी मोजून जुळवून घेणे श्रेयस्कर.

नायट्रेटासारख्या साठणाऱ्या पदार्थांवरील परिणाम साध्या विरलनाचा आहे. ३० टक्के पाणी एकदाच बदलले तर ३० टक्के नायट्रेट जाते. १ टक्क्याचे तीस बदल केले तर सुमारे २६ टक्के. आठवड्याला लिटरमागे ५ मिग्रॅ. नायट्रेट तयार होत असेल आणि दर आठवड्याला १० टक्के पाणी बदलले, तर कालांतराने बदलापूर्वीची पातळी ५० वर स्थिरावते. त्याखाली उतरायचे असेल, तर बदल मोठा करावा लागतो किंवा उत्पत्तीच घटवावी लागते.

फॉस्फेटाचे गणित इतके सरळ नाही. तो चुनखडी दगड व वाळूच्या पृष्ठभागाला चिकटून असतो आणि पाण्यातील प्रमाण उतरताच पुन्हा सुटतो, त्यामुळे बदलानंतर काही दिवसांत आकडा वर सरकतो.

कोकण किनाऱ्यावर पावसाळ्यात नद्यांचे पाणी मिसळून किनाऱ्यालगतची लवणता उतरते व गाळ वाढतो. तेव्हाचे समुद्रजल थेट टाकीत घालू नये.