पक्क्या काळ्या रंगापासून पाण्यात विरघळणाऱ्या पॉलिमरपर्यंत

सोलापुरात चादर घेताना गिऱ्हाईक हमखास विचारतं, "रंग पक्काय ना, जाणार नाही ना?" वीज वाहणाऱ्या पॉलिमरची, म्हणजे कडीला कडी जोडून झालेल्या लांब साखळीसारख्या रेणूंची गोष्ट मला इथूनच सांगावीशी वाटते, कारण त्यातलं एक फार जुनं पॉलिमर मुळात रंगाऱ्याच्याच कामाचं होतं. १८६२ ला लंडनमध्ये रसायनशास्त्रज्ञ हेन्री लेथबीने गंधकाच्या आम्लातल्या ॲनिलिन नावाच्या रसायनातून वीज सोडली तर प्लॅटिनमवर निळसर काळा थर बसला, आणि १८६३ ला जॉन लाइटफूटने ॲनिलिन ब्लॅक या कापडाच्या काळ्या रंगाचं पेटंट घेतलं. तयार झालेला काळा पाण्यात विरघळत नाही म्हणून सुतात आधी ॲनिलिन मुरवायचं आणि रंग तिथंच धाग्याच्या आत तयार करायचा, मग तो धुऊन जाणार कुठं! हाच आजचा पॉलिॲनिलिन.

तो वीज वाहतो याकडे खरं लक्ष गेलं ते फार उशिरा. आधी टोकियोत १९६७ ला रसायनशास्त्रज्ञ शिराकावा काम करत त्या लॅबमध्ये चुकून हजारपट कॅटॅलिस्ट (क्रिया घडवणारं रसायन) पडला आणि पॉलिॲसिटिलीन या दुसऱ्या पॉलिमरची चकचकीत फिल्म मिळाली, पुढे अमेरिकेतले मॅकडायर्मिड आणि हीगर सोबत आले, आयोडीन देऊन साखळीवर धन भार आणल्यावर (यालाच डोपिंग म्हणतात) तिची वाहकता कोटीच्या पटीत वाढली, १९७७ ला पेपर, २००० ला तिघांना नोबेल.

पण अडचण तीच राहिली. वीज वाहायला साखळी ताठ लागते, आणि ताठ साखळ्या एकमेकींना अशा चिकटून बसतात की पाणी आत शिरत नाही, तापवून वितळतही नाही, मग पातळ थर द्यायचा कसा?

१९८७ ला ए. ओ. पाटील, इकेनोउए, वुडल आणि हीगर यांनी जे केलं ते मला सगळ्यात आवडतं. त्यांनी पॉलिथायोफीन या वीज वाहणाऱ्या आणखी एका पॉलिमरच्या प्रत्येक कडीला छोटी शेपटी लावली आणि शेपटीच्या टोकाला सल्फोनेट, म्हणजे गंधक-ऑक्सिजनचा ऋण भाराचा गट. सल्फोनेटला पाणी आवडतं म्हणून अख्खी साखळी विरघळली, वर त्याचा ऋण भार साखळीवरचा धन भार सांभाळतो, म्हणजे डोपिंगसाठी बाहेरून वेगळा आयन (भारित कण) आणायलाच नको. याला सेल्फ-डोपिंग म्हणतात. १९९० ला पॉलिॲनिलिनलाही सल्फोनेट लावून झालं.

बायर या जर्मन कंपनीने आणलेलं पेडॉट-पीएसएस हे वीज वाहणारं पॉलिमर आज सगळीकडे दिसतं, ते पाण्यात मिळतं खरं पण विरघळत नाही, बारीक कणांनी तरंगतं. सुरुवातीला ते फोटोच्या फिल्मवर स्टॅटिक (घर्षणाने साठणारी वीज) बसू नये म्हणून लावायचे. आता त्यात सूत बुडवून वीज वाहणारा धागाही करतात, आणि मग चादरीच्या दुकानातला तोच प्रश्न येतो, धुतल्यावर जाणार तर नाही ना, म्हणून साखळ्या एकमेकींना बांधून ठेवणारं सिलेन, म्हणजे सिलिकॉनचं एक संयुग, आधीच त्यात मिसळतात.